पाच एप्रिलच्या आधीची 'लॉयल्टी'

५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली, आणि १९६४ पासून हा दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. त्या निमित्ताने होणाऱ्या भाषणांत कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या वालचंद हिराचंदांचे नाव येते, कंपनीचे नाव येते, स्वदेशी नौकानयनाच्या पहिल्या पावलाचा गौरव होतो, आणि तो व्हायलाच हवा. मात्र ज्या बोटीने ते पाऊल टाकले तिच्याविषयी एका ओळीपलीकडे क्वचितच कोणी काही सांगते. त्या दिवशी ती बोट २८ वर्षांची होती. आगबोटीच्या आयुष्यात हे वय उतारवयाचे मानले जाते. त्या वयातली पहिली सुमारे २४ वर्षे तिने पॅसिफिक महासागरात टपाल, रेशीम आणि माणसे वाहिली होती, आणि पुढची चार वर्षे युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना.

माझी नोकरी बोटींच्या इंजिन खात्यात झाली, त्यामुळे कोणत्याही बोटीविषयी वाचताना ती कोणत्या कामासाठी बांधली होती आणि तिचा खर्च कोण भरत होते, हे दोन प्रश्न माझ्या मनात आधी येतात. 'लॉयल्टी'च्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे शोधत गेल्यावर माझे असे मत झाले आहे की, १९१९ च्या त्या सफरीनंतर चारच वर्षांत ती बोट मोडीत का निघाली, याचे कारण तिचा आराखडा ठरला तेव्हाच तिच्यात बांधले गेले होते. शांततेच्या काळातही ती बोट युद्धाच्या पैशावर चालत होती.

तिचे मूळ नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. कॅनडाची पूर्व आणि पश्चिम किनारपट्टी जोडणारा लोहमार्ग कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने १८८५ साली पुरा केला आणि दोन वर्षांनी गाड्या व्हँकुव्हरपर्यंत धावू लागल्या. रुळांच्या टोकाला समुद्र होता आणि समुद्रापलीकडे जपान व चीन होते. लंडनहून निघालेली टपालाची थैली अटलांटिक ओलांडून, रेल्वेने कॅनडा पार करून आणि पुन्हा बोटीने हाँगकाँगला पोहोचवता आली, तर सुएझच्या वाटेला ब्रिटिश साम्राज्याच्याच ताब्यातला दुसरा पर्याय उभा राहणार होता. लंडनच्या सरकारला या मार्गात टपालाइतकाच लष्करी रस होता. म्हणून कंपनीशी जो करार झाला त्यात वर्षाला ६०,००० पौंडांचे साहाय्य ठरले. त्यातले ४५,००० ब्रिटिश सरकारचे होते आणि १५,००० कॅनडाचे. त्याच्या मोबदल्यात बोटी ठरल्या वेळी सुटायच्या आणि ठरल्या वेळी पोहोचायच्या होत्या, तसेच नौदलाच्या अपेक्षेप्रमाणे बांधायच्या होत्या, म्हणजे युद्ध लागताच त्यांच्यावर तोफा बसवून त्यांना सहायक युद्धनौका करता यावे. तोफांच्या बैठकांसाठी लागणारी मजबुती डेकमध्ये आधीच दिलेली होती.

या करारापोटी इंग्लंडमधल्या बॅरो येथे तीन भगिनी बोटी बांधल्या गेल्या : 'एम्प्रेस ऑफ इंडिया', 'एम्प्रेस ऑफ जपान' आणि 'एम्प्रेस ऑफ चायना'. पहिलीचे जलावतरण ऑगस्ट १८९० मध्ये झाले. लांबी सुमारे ४५६ फूट, रुंदी ५१ फूट, ढोबळ नोंदणी ५,९०५ टन. हा टनाचा आकडा वजनाचा नसून बंदिस्त जागेचा असतो, शंभर घनफुटांना एक टन या हिशेबाचा. वर्तमानपत्रांत या दोहोंची गल्लत इतक्या वेळा होते की हे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. पांढरा रंग, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, आणि शिडाच्या क्लिपर जहाजांसारखी पुढे झुकलेली नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, असे तिचे रूप होते. छायाचित्रे पाहिली तर ती बोट शिडांच्या युगातून वाफेच्या युगात नुकतीच आल्यासारखी दिसते. मात्र आतली यंत्रणा त्या काळच्या मानाने अगदी अद्ययावत होती. बोटीला पुढे ढकलणारे, पाण्यात फिरणारे दोन पंखे, प्रत्येकासाठी तिहेरी प्रसरणाचे स्वतंत्र इंजिन, आणि ताशी १६ सागरी मैलांचा नेहमीचा वेग.

तिहेरी प्रसरणाचे तत्त्व समजले की या बोटींचा काळही समजतो. बॉयलरमधून आलेली वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये उच्च दाबाने काम करते, तिथून निघाल्यावर तिच्यात उरलेली ताकद मधल्या सिलिंडरमध्ये वापरली जाते, आणि शेवटी मंद झालेली वाफ सर्वांत मोठ्या सिलिंडरला ढकलून कंडेन्सरमध्ये जाते, जिथे तिचे पुन्हा पाणी होते आणि ते बॉयलरला परत मिळते. तीच वाफ तीनदा राबवल्यामुळे कोळशाची जी बचत झाली, तिच्या बळावर १८८० च्या दशकापासून आगबोटी लांबच्या महासागरी मार्गांवर भरवशाने धावू लागल्या. पॅसिफिकसारख्या अफाट समुद्रात, जिथे वाटेत कोळसा घ्यायला बंदर नाही, तिथे नियमित टपाल सेवा चालवणे या इंजिनामुळे परवडण्याजोगे झाले.

तरीही कोळसा तो कोळसाच. योकोहामाहून निघालेली बोट व्हँकुव्हरला पोहोचेपर्यंत तिच्या भट्ट्या क्षणभरही विझत नसत, आणि त्या पेटत्या ठेवणे हे पूर्णपणे माणसांच्या हातांचे काम होते. दिवसाचे चार-चार तासांचे पहारे. चार तास भट्टीसमोर आणि आठ तास सुटी, पुन्हा चार तास. आगवाला फावड्याने कोळसा भट्टीत पसरवतो, लांब सळईने निखारे उकरतो, ठरलेल्या क्रमाने एकेक भट्टी साफ करून तळाशी साचलेली खडी बाहेर ओढतो. कोळसा कोठारातून ढकलगाडीने भट्टीपर्यंत आणणारे कामगार वेगळे असत. प्रवास जसजसा पुढे सरके तसतशी जवळची कोठारे रिकामी होत जात आणि त्यांचे अंतर वाढत जाई, म्हणजे प्रवासाच्या शेवटी सर्वांत थकलेल्या माणसांच्या वाट्याला सर्वांत लांबची ओढाताण येई. राख वर ओढून समुद्रात टाकणे हे प्रत्येक पहाऱ्याचे ठरलेले काम होते. बोट हलत असताना, पायाखालचे लोखंडी पत्रे ओले आणि कोळशाच्या भुकटीने निसरडे झालेले असताना, उघड्या भट्टीसमोर तोल सांभाळून हे सगळे करायचे. मी डिझेलच्या जमान्यातला. इंजिनरूमची उष्णता आणि गोंगाट मला ठाऊक आहे. पण त्या भट्ट्यांसमोरच्या चार तासांची कल्पना करताना आपण नोकरीत जे सोसले ते सांगायलाही संकोच वाटतो. 'एम्प्रेस' बोटींवर हे काम मुख्यतः चिनी कामगार करत, आणि प्रवाशांसाठी छापलेल्या वेळापत्रकातला १६ मैलांचा वेग त्यांच्या खांद्यांवर उभा होता.

हाँगकाँग, शांघाय, नागासाकी, कोबे, योकोहामा आणि तिथून व्हँकुव्हर, असा तिचा मार्ग असे. नागासाकीला कोळसा भरला जाई. बोटीच्या कडेला मचाणे बांधून, त्यांवर स्त्री-पुरुषांच्या रांगा उभ्या राहत आणि कोळशाच्या टोपल्या हातोहात वर चढत. त्यात स्त्रियांची संख्या मोठी असे. हे काम इतक्या झपाट्याने होई की नागासाकीची कोळसा भरणी हा त्या काळच्या प्रवाशांच्या लिखाणात हटकून येणारा विषय झाला होता.

मालात सर्वांत मोलाचे होते कच्चे रेशीम. त्याचा विमा महाग आणि बाजारभाव चंचल असल्यामुळे वाटेत वाया गेलेला प्रत्येक दिवस व्यापाऱ्याला भारी पडे. म्हणून व्हँकुव्हरच्या धक्क्यावर ते उतरताच खास गाड्यांत चढवले जाई आणि त्या गाड्यांना इतर गाड्यांआधी वाट मोकळी करून दिली जाई. त्याखालोखाल चहा. वरच्या डेकवर शंभर-सव्वाशे श्रीमंत प्रवाशांसाठी पहिल्या वर्गाच्या खोल्या होत्या, आणि खालच्या डेकवर कित्येक शेकडा चिनी उतारूंची दाटी. या उतारूंना व्हँकुव्हरला उतरताना डोईपट्टी, म्हणजे दर माणशी प्रवेशकर, भरावी लागे. १८८५ साली ती ५० डॉलर होती, १९०० साली १०० झाली आणि १९०३ मध्ये थेट ५०० डॉलर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॅनेडियन पॅसिफिकच्या बोटींनी हाँगकाँगमार्गे पंजाबी माणसेही ब्रिटिश कोलंबियात उतरू लागली. ती ब्रिटिश प्रजाजन असल्यामुळे त्यांना डोईपट्टी लावता येत नव्हती, म्हणून १९०८ मध्ये मायदेशातून एकसलग प्रवास करून आलेल्यांनाच प्रवेश, असा नियम काढला गेला, आणि भारतातून कॅनडापर्यंत एकसलग तिकीट देणारी सेवाच उपलब्ध राहणार नाही याची तजवीज झाली. बोट तीच, मार्ग तोच, पण तिकीट कोणाला विकायचे आणि कोणाला नाही हे दूरच्या कार्यालयात ठरत होते. 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे नाव धारण करणाऱ्या बोटीच्या इतिहासात ही नोंद असलीच पाहिजे, असे मला वाटते.

१९०३ साली हाँगकाँगच्या परिसरात तिची चीनच्या 'हुआन ताय' या युद्धनौकेशी टक्कर झाली आणि ती युद्धनौका बुडाली. बाकी तिच्या नावावर मोठा अपघात नाही. धाकटी बहीण 'एम्प्रेस ऑफ चायना' मात्र १९११ मध्ये जपानच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढून नष्ट झाली. याच धाकट्या बहिणीवरून १८९३ साली योकोहामा ते व्हँकुव्हर असा प्रवास करणाऱ्यांमध्ये ऑस्ट्रियाचा युवराज फ्रांझ फर्डिनांड होता. जगप्रवासाला निघालेला तो तरुण त्याच वर्षाच्या सुरुवातीला मुंबईतही उतरला होता. २१ वर्षांनी सारायेव्होत त्याची हत्या झाली, आणि त्यातून पेटलेल्या युद्धाने या बोटींचे पुढचे आयुष्य ठरवले.

त्या युद्धाच्या आधीच 'एम्प्रेस ऑफ इंडिया' मागे पडली होती. १९१३ मध्ये 'एम्प्रेस ऑफ रशिया' आणि 'एम्प्रेस ऑफ एशिया' या जवळजवळ तिप्पट मोठ्या, अधिक वेगवान बोटी त्याच मार्गावर आल्या. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच या दोन्ही नव्या बोटी आणि जुन्या त्रयीतली 'एम्प्रेस ऑफ जपान' यांच्यावर तोफा चढल्या. ज्यासाठी २० वर्षांहून अधिक काळ दरसाल पैसे मोजले होते, ते वसूल करण्याची वेळ आली होती. हिंदी महासागरात त्या वेळी 'एम्डेन' ही जर्मन क्रूझर, म्हणजे वेगवान युद्धनौका, धुमाकूळ घालत होती. सप्टेंबर १९१४ मध्ये तिने बंगालच्या उपसागरात एकामागून एक व्यापारी बोटी पकडून बुडवल्या आणि २२ सप्टेंबरच्या रात्री मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर गोळे टाकून त्या पेटवून दिल्या. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी'ने तिला निकामी केले. मधल्या काळात कलकत्ता, रंगून, मद्रास या बंदरांतल्या बोटी सुटायला धजत नव्हत्या. एकटीदुकटी क्रूझर अख्ख्या उपसागराचा व्यापार खोळंबवू शकते, कारण व्यापारी बोटीजवळ पळण्यापुरता वेग नसतो आणि लढण्यासाठी शस्त्र नसते. तिचा बचाव फक्त समुद्राच्या विशालतेत असतो.

डिसेंबर १९१४ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' विकत घेतली. हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय बोट म्हणून तिचे रूपांतर करायचे होते, आणि या कार्यात इतर संस्थानिकांचाही सहभाग होता. जानेवारी १९१५ मध्ये तिला 'लॉयल्टी' हे नाव मिळाले. साम्राज्याशी निष्ठा दाखवण्याची संस्थानिकांमध्ये तेव्हा चढाओढ होती, आणि नावात ती उघड दिसते; पण त्या निष्ठेपोटी का होईना, हजारो मैलांवर नेलेल्या शिपायांना परत आणण्याची काही सोय झाली, हेही तितकेच खरे आहे.

रुग्णालय बोटीसाठी १९०७ च्या हेग कराराचे नियम होते. संपूर्ण बाहेरचा भाग पांढरा, त्यावर सुमारे दीड मीटर रुंदीचा आडवा पट्टा. बोट लष्कराची असेल तर हिरवा, खासगी देणगीतून किंवा मदत संस्थेने सज्ज केलेली असेल तर लाल. राष्ट्रध्वजासोबत रेड क्रॉसचे निशाण. बोटीचे नाव शत्रुराष्ट्राला आधी कळवायचे, सैन्य किंवा दारूगोळा न्यायचा नाही, शत्रूने थांबवून तपासणी केली तर ती होऊ द्यायची, आणि जखमी कोणत्याही बाजूचा असो, त्याला मदत करायची. 'एम्प्रेस ऑफ इंडिया'चा शांततेतला रंगही पांढराच होता, हा योगायोग. आता मात्र तो रंग तिचे एकमेव संरक्षण झाला. एरवी युद्धकाळात बोटी दिवे मालवून अंधारात चालत, तर रुग्णालय बोटीने रात्री दिव्यांच्या झगमगाटात आपली खूण दाखवत जायचे, ही गोष्ट बोटीवरच्या माणसाच्या मनावर किती ताण आणत असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. जगाला दिसावे आणि दिसल्यामुळेच वाचावे, हा तो भरवसा. तो १९१७ पासून डळमळला. त्या वर्षी जर्मनीने काही सागरी पट्ट्यांत रुग्णालय बोटींचे संरक्षण मानण्यास नकार दिला, आणि जून १९१८ मध्ये 'लँडोव्हरी कॅसल' ही पूर्ण खुणा असलेली बोट आयर्लंडच्या पश्चिमेला पाणबुडीने बुडवली.

हिंदी सैनिकांच्या वाट्याला आलेल्या वैद्यकीय व्यवस्थेची अवस्था समजायला 'वरेला' या दुसऱ्या एका बोटीची साक्ष पुरेशी आहे. ती ब्रिटिश इंडिया या इंग्रजी जहाज कंपनीची बोट, युद्धात रुग्णालय बोट झालेली आणि इराकमधल्या बसरा बंदरात उभी असलेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या वाटेवर टेसिफॉनची लढाई झाली आणि तिथले जखमी नदीतल्या वाफेच्या होड्यांवर कसेबसे चढवून बसऱ्याला पाठवण्यात आले. 'वरेला'वरचे वैद्यकीय अधिकारी मेजर कार्टर यांनी त्यातली एक होडी जवळ येताना पाहिली तेव्हा तिच्या कडेवरून दोर लोंबत असावेत असे त्यांना वाटले. ती जखमींची विष्ठा होती. जागा नसल्याने, हलता येत नसल्याने, दिवसानुदिवस ते डेकवर तसेच पडून होते. कार्टर यांनी हे लिहून वर कळवले तेव्हा त्यांनाच दटावण्यात आले, आणि १९१७ मध्ये चौकशी आयोगाच्या अहवालातून ही हकीकत जगापुढे आली. हे वाचल्यानंतर स्वच्छ खाटा, शस्त्रक्रियेची खोली आणि परिचारकांची तुकडी असलेली एक रिकामी बोट बंदरात उभी असणे याला त्या युद्धात काय किंमत होती, ते मला कळले. रेशमाच्या पेट्यांसाठी आणि पहिल्या वर्गाच्या भोजनगृहासाठी बांधलेल्या जागेत हे काम करणे सोपे नव्हते. पण वेगवान टपाल बोटीत हवा खेळती असते, पाणी गोड करण्याची आणि शीतगृहाची व्यवस्था असते, वेग भरवशाचा असतो, आणि जखमींना नेण्यासाठी हेच गुण लागतात.

१९१७ हे व्यापारी बोटींसाठी सर्वांत वाईट वर्ष ठरले. १ फेब्रुवारीपासून जर्मन पाणबुड्यांनी इशारा न देता बोटी बुडवायला सुरुवात केली, आणि एकट्या एप्रिल महिन्यात जगभरात साडेआठ लाख टनांच्या आसपास बोटी बुडाल्या. त्या बोटींच्या इंजिनरूममध्ये आणि डेकवर हजारो हिंदी खलाशी होते. युद्धापूर्वी ब्रिटिश व्यापारी ताफ्यातल्या साधारण दर सहा खलाशांमागे एक हिंदी होता. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, आपापल्या गावांतून डेकसाठी माणसे उभी करत, गोव्याची माणसे भोजनगृहात आणि भटारखान्यात असत, सिल्हेट आणि पंजाबकडची भट्ट्यांवर. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. मी ती नावे वाचायला गेलो होतो. कोकणातल्या ज्या गावांतल्या माणसांबरोबर मी पुढे नोकरी केली, त्यांच्या घरांत चालणारी नावे तिथे ओळीने आहेत.

युद्ध संपले तेव्हा जगात बोटींचा तुटवडा होता आणि वाहतुकीचे दर चढलेले होते. हिंदुस्थानचा परदेशी आणि किनारी व्यापार तर जवळजवळ पूर्णपणे ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर अवलंबून होता, आणि युद्धात त्या बोटी सरकारने आपल्या कामाला ओढल्यावर इथला माल धक्क्यावर पडून राहतो, हे चार वर्षे सर्वांनी अनुभवले होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद हे रेल्वेच्या बांधकामांतून वर आलेले ठेकेदार. ग्वाल्हेरच्या महाराजांची रुग्णालय बोट विक्रीला आहे ही बातमी त्यांना दिल्लीहून मुंबईला येताना आगगाडीत एका इंग्रज सहप्रवाशाकडून कळली, असे सांगतात. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांना सोबत घेऊन त्यांनी बोट विकत घेतली, आणि मार्च १९१९ च्या अखेरीस स्थापन झालेल्या कंपनीला महाराजांच्या घराण्याचे नाव दिले. बोटीचे युद्धकाळातले नाव त्यांनी बदलले नाही. खाटा आणि शस्त्रक्रियेची खोली काढून तिच्यात पुन्हा उतारूंची सोय करण्यात आली, आणि लगेच ती लंडनला निघाली. वालचंद स्वतः त्या सफरीवर होते.

आता मी ज्या हिशेबाकडे येऊ पाहत होतो तो. पाण्यातून जाणाऱ्या बोटीला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर इंजिन सुमारे आठपट ताकदीचे लागते. याचाच अर्थ असा की, १६ मैलांनी धावणारी हीच बोट १० मैलांनी चालवली तर पावपट शक्ती पुरते, आणि तेवढेच अंतर कापायला कोळसाही चाळीस टक्क्यांच्या जवळपास लागतो. त्या काळचे सामान्य मालवाहू जहाज आठ-दहा मैलांनीच चाले, कारण मालाच्या भाड्यावर त्याहून जास्त वेग परवडत नसे. १६ मैलांचा वेग टपालासाठी हवा होता आणि नौदलाला हवा होता, आणि म्हणूनच त्याची किंमत दोन सरकारे मिळून वर्षाला ६०,००० पौंड मोजत होती. त्या वेगापायी बोटीच्या मधल्या भागातली प्रशस्त जागा बॉयलरांनी, इंजिनांनी आणि कोळशाच्या कोठारांनी व्यापलेली होती. मालाला जागा उरली होती ती थोडी, आणि तीही रेशमासारख्या कमी आकाराच्या, जास्त मोलाच्या मालाला पुरेल अशी. सिंदिया कंपनीजवळ टपालाचा करार नव्हता, तो तिला मिळण्याची शक्यताही नव्हती, आणि रेशीम तर दुसऱ्या समुद्रात राहिले होते. तिला ती बोट मिळाली, पण त्या बोटीला पोसणारा खजिना मिळाला नाही. वेग कमी ठेवून कोळसा वाचवावा म्हटले तरी जुने बॉयलर, दोन इंजिनांची देखभाल आणि मोठा कामगारवर्ग यांचा खर्च तेवढाच राहतो. इंजिन खात्यातल्या कोणाही माणसाला कागदावर दहा मिनिटांत दिसेल असे हे गणित आहे.

हे वालचंदांना कळले नसेल असे मला मुळीच वाटत नाही. १९१९ साली विकत मिळेल अशी दुसरी बोट नव्हती, आणि जी आहे ती घेऊन समुद्रात उतरल्याखेरीज कंपनीवर कोणी विश्वास ठेवला नसता. त्याच वर्षी कंपनीने साडेचार कोटी रुपयांचे भांडवल उभे केले आणि पुढचा पैसा जास्त माल घेणाऱ्या, मंद चालीच्या मालवाहू बोटींत घातला. मग ब्रिटिश इंडिया कंपनीने दरयुद्ध पुकारले. रंगूनहून येणाऱ्या तांदळाचे टनामागचे भाडे १८ रुपयांवरून ६ रुपयांवर आणले गेले. १९०६ साली तुतिकोरिनला चिदंबरम पिळ्ळई यांनी काढलेली स्वदेशी कंपनी अशाच डावपेचांनी आणि सरकारी दडपशाहीने संपवण्यात आली होती. सिंदिया मात्र टिकली, पण १९२३ मध्ये तिला दहा वर्षांचा करार मान्य करावा लागला : सगळ्या बोटी मिळून ७५,००० टनांच्या आत, आणि धंदा किनारी वाहतुकीपुरता. परदेशी मार्ग बंद झाला. त्याच वर्षी, काही काळ मुंबई बंदरात निकामी उभी राहिल्यानंतर, 'लॉयल्टी' मुंबईतच मोडीत काढण्यात आली. परदेशी मार्गाच्या स्वप्नासाठी घेतलेली बोट आणि ते स्वप्न लांबणीवर टाकणारा करार एकाच वर्षी यावेत, यात मला केवळ योगायोग दिसत नाही. टपालाच्या साहाय्याशिवाय आणि सरकारच्या पाठबळाशिवाय त्या समुद्रात उभे राहणे तेव्हा कोणत्याही हिंदी कंपनीला शक्य नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने सिंदियाच्याही बोटी आपल्या कामाला घेतल्या. या वेळी बोटी हिंदी मालकीच्या होत्या, खलाशी हिंदी होते, आणि नुकसानही हिंदी कंपनीच्या खात्यावर पडले. जानेवारी १९४२ च्या अखेरीस 'जलतरंग' आणि 'जलपालक' या दोन बोटी बंगालच्या उपसागरात एकाच जपानी पाणबुडीने लागोपाठ दोन दिवसांत बुडवल्या. ऑक्टोबर १९४३ मध्ये 'जलबाला' जर्मन पाणबुडीने बुडवली. या बोटींमध्ये तोफांच्या बैठकांसाठी आधीपासून मजबूत केलेले डेक नव्हते, १६ मैलांचा वेग नव्हता, आणि शांततेच्या काळात त्यांच्यासाठी कोणत्याही सरकारने दरसाल पैसे मोजलेले नव्हते.